टोळी हलायच्या आत: स्थलांतरित मजुरांची सिकलसेल तपासणी कशी करावी

दसरा झाला की पाड्यापाड्यावर ट्रक लागायला सुरुवात होते. दिवाळी सरेपर्यंत धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या कितीतरी घरांत म्हातारी माणसं तेवढी उरतात. कोणी बारडोलीकडे ऊस तोडायला जातं, कोणी सौराष्ट्रात शेतमजुरीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडावर. मेळघाटातले कोरकूही असेच बाहेर पडतात आणि होळीला घरी येतात. आपली आरोग्ययंत्रणा मात्र गावावर बांधलेली आहे. आशाताईंची यादी गावाची, उपकेंद्राचं रजिस्टर गावाचं. वर्षातले पाच-सहा महिने गावात नसणारा माणूस या यादीतही नीट बसत नाही आणि जिथे तो कामाला असतो तिथल्या यादीतही नाही.

नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेवक-सेविका, संस्थांचे कार्यकर्ते आणि कारखान्यांच्या समाजकार्य विभागातली मंडळी यांच्यासाठी हे लिहितो आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रक्त घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तपासलेल्या माणसाचा अहवाल टोळी, म्हणजे मुकादमाने जमवलेला मजुरांचा गट, हलायच्या आत त्याच्या हातात पडणार नसेल, आणि तो त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात पडणार नाही याची खात्री नसेल, तर सुई टोचू नका.

आधी आजार समजून घ्या

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. तो संसर्गाने होत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, आणि वाईट वागण्याशी किंवा कोणाच्या करणीशी त्याचा संबंध नाही. ही तीन वाक्यं तुम्हाला प्रत्येक वस्तीवर म्हणावी लागतील, म्हणून आत्ताच पाठ करा.

हिमोग्लोबिनसाठी प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक जनुक मिळतो. दोन्ही नेहमीचे असले तर माणूस ‘एए’. एक नेहमीचा आणि एक सिकलचा असला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलचे असले तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. रुग्णाच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. एरवी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते; रुग्णाची दहा-वीस दिवसांत संपते. अंगात रक्त कमी राहणं, डोळे पिवळे दिसणं, हातपाय, कंबर आणि छातीत उठणाऱ्या असह्य वेदना, वारंवार होणारा संसर्ग हे सगळं त्यातून येतं.

आता मजुराच्या दिवसाकडे बघा. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, ताप आणि अपुरी झोप या गोष्टींनी वेदनेचा झटका येतो. ऊसतोडीत यातलं काहीच चुकत नाही. पहाटेच्या गारठ्यात फडावर जायचं, दुपारपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. प्यायला घरून आणलेलं कॅनभर पाणी. बायका तर लघवीला आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी पाणी पितात. या कामात रुग्ण नसतीलच, आजारी माणूस इतके कष्ट करेल कसा, असं नव्या कार्यकर्त्यांना वाटतं. तसं नसतं. भारतातल्या बऱ्याच सिकल रुग्णांत जन्मावेळचं ‘एफ’ हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं. त्यामुळे काहींना लहानपणी फार त्रास होत नाही, आणि निदान न होताच ते विशी-पंचविशी गाठतात. टोळीत ‘हा दर थंडीत पडतो, कामचुकार आहे’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याची तपासणी नक्की करा.

कोणाला तपासायचं

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ सालची. निलगिरीच्या आदिवासींत ती झाली, आणि त्याच वर्षी वरच्या आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांतही हा आजार आढळल्याचं प्रसिद्ध झालं. हे मळेमजूर मध्य आणि पूर्व भारतातून तिथे नेले गेलेले. म्हणजे आपल्याकडे या आजाराचा शोध लागला तोच अर्धा स्थलांतरितांच्या वस्तीत.

महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड, माडिया, परधान या समाजांत तो जास्त आहे. पण विदर्भात बौद्ध आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही तो चांगलाच आढळतो. छत्तीसगड आणि पश्चिम ओडिशातून येणाऱ्या मजुरांतही. म्हणून जात विचारून तपासू नका. टोळी तपासायची ती सगळी तपासायची, मुकादमाच्या पोरांसकट. ‘फक्त आदिवासींना बाजूला काढा’ असं कोणी सांगितलं तर शांतपणे नकार द्या. तसं केलं की दहा मिनिटांत आजारावर जातीचा शिक्का बसतो.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. बाधित आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे. फडावर काम करताना हा वयोगट धरून चालायला हरकत नाही. पण प्राधान्य ठरवायची वेळ आलीच तर आधी लग्न न झालेली मुलं-मुली, मग नवी जोडपी, गरोदर बायका आणि सहा महिन्यांवरची लहान मुलं.

आणि प्रत्येकाला विचारा: ‘याआधी कुठे तपासणी झाली आहे का?’ गुजरातचा सिकलसेल कार्यक्रम २००६ पासून चालू आहे. दक्षिण गुजरातेत वर्षानुवर्षं जाणाऱ्या कुटुंबाकडे तिथलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधारच्या झेरॉक्ससोबत घडी करून ठेवलेलं असू शकतं. ते बघायला मागा. एकाच माणसाचं तीनदा रक्त घेऊन एकदाही त्याला काही न सांगणं हे प्रकार झालेले आहेत.

वेळ कोणती, जागा कोणती

सगळ्यात चांगली वेळ भाद्रपद-आश्विनातली. पावसाळ्यात मुकादम उचल (आगाऊ पैसे) देऊन जोड्या ठरवतो, त्यामुळे कोण कुठे जाणार हे तोवर पाड्यात ठाऊक झालेलं असतं. तेव्हा आशाताईंना घेऊन बसलात तर जाणाऱ्यांची यादी एका संध्याकाळी तयार होते. तपासणी करून, पक्का अहवाल आणून, समजावून सांगायला दोन महिने हातात राहतात. दुसरी वेळ होळीच्या आठवड्यातली, टोळ्या परत येतात तेव्हा.

फडावर किंवा गुजरातच्या पडावावर (मजुरांच्या मुक्कामाच्या जागी) तपासणी करायची असेल तर दिवसा जाऊ नका. तोड थांबली की मजुरी थांबते. संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर जा, नाहीतर कारखाना बंद असेल त्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी. चुली पेटलेल्या असताना बाईला उठवून रांगेत उभं करू नका; तिच्या चुलीशी तुम्ही बसा. उजेडासाठी स्वतःचे दिवे न्या. हात धुवायला पाणी आणि साबण न्या, कारण तिथलं पाणी त्यांनी लांबून आणलेलं असतं.

परवानगी आणि मुकादम

कागदोपत्री तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची साथ लागते. साखर कारखान्यात शेतकी अधिकाऱ्यांशी बोलावं लागतं, कारण कोणती टोळी कोणत्या गटात आहे हे त्यांच्याकडेच कळतं. हे दोन-चार दिवसांत होऊन जातं.

मुकादमाचं प्रकरण नाजूक आहे. त्याच्याशिवाय वस्तीवर पाय ठेवणं अवघड, आणि सगळ्यात मोठा धोकाही त्याच्याच बाजूने. त्याने जोडीला हजारो रुपयांची उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्यातला एक पडला तर खाडा लागतो, खाड्याचे पैसे कापले जातात, उचल फिटत नाही. अशा व्यवहारात अमक्याला ‘रक्ताचा आजार’ आहे हे त्याच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी त्या जोडीला उचल मिळणार नाही. किंवा याच वर्षी परत मागितली जाईल. म्हणून त्याच्याशी पहिल्याच भेटीत स्वच्छ बोला: ‘दादा, तपासणीला तुमची मदत लागेल. पण कोणाचं काय निघालं ते आम्ही ज्याचं त्यालाच सांगतो. तुमचंही फक्त तुम्हालाच सांगू.’ पहिल्या दिवशी हे मान्य करून घेतलं की नंतरचा आग्रह टाळता येतो. कारखान्याने आकडे मागितले तर एकूण किती तपासले एवढंच द्या. लहान टोळीत वाहकांची संख्यासुद्धा सांगू नका. वीस माणसांत दोन कोण, हे शोधायला वेळ लागत नाही.

संमती

‘सगळ्यांनी बोट पुढे करा’ ही संमती नाही. मुकादमाने होकार दिला ही तर मुळीच नाही. प्रत्येकाला त्याला समजेल अशा भाषेत चार गोष्टी सांगायच्या: कसली तपासणी आहे, किती रक्त घेणार, निकाल कधी आणि कसा कळणार, आणि नको म्हटलं तर काहीही बिघडणार नाही. भिली, पावरी किंवा कोरकू बोलणारा माणूस सोबत हवाच. तो टोळीतलाच नको, शेजारच्या पाड्यातली आशाताई सगळ्यात बरी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची संमती घ्या. आई-वडील दुसऱ्या फडावर असतील तर थांबा.

लोक संशय घेतील. घेऊ द्या. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बीडचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. ज्या लोकांच्या शरीराशी असा व्यवहार झाला आहे त्यांनी ‘रक्त कशाला नेता? विकता का?’ असं विचारलं तर रागावू नका. काढलेला थेंब कुठे जातो ते त्यांच्यासमोर दाखवा. वापरलेली सुई डब्यात टाकताना दाखवा. आणि कोणी उठून गेलं तर त्याच्याबद्दल एक शब्दही बोलू नका. रात्री उशिरा तोच परत येतो असा माझा अनुभव आहे.

रक्त घेणं आणि चाचणी

पहिली चाचणी विद्राव्यतेची, सगळे तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. बोटाला टोचून २० मायक्रोलिटर रक्त, दोन मिलिलिटर द्रावणात मिसळायचं, पाच मिनिटं थांबायचं. परीक्षानळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निकाल नकारात्मक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सकारात्मक.

ऊसतोड्याचं बोट टोचणं दवाखान्यातल्यासारखं नसतं. तळहाताला घट्टे, बोटांवर उसाच्या पात्यांनी चिरलेल्या बारीक रेघा, त्यात काळी माती बसलेली. आधी साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडा करून घ्या. थंडीच्या संध्याकाळी बोटं गार पडलेली असतात, रक्त येत नाही आणि लोक पिळत बसतात. पिळलेल्या रक्तात पाणी जास्त येतं. त्यापेक्षा हात मिनिटभर चोळायला लावा. अनामिकेच्या टोकावर मधोमध नको, जरा बाजूला टोचा, चीर नसेल तिथे. पहिला थेंब पुसून टाका. ज्या हाताने कोयता धरतात तो हात टाळा, उद्या पहाटे त्यांना त्याच हाताने काम करायचं आहे.

द्रावणातली डायथायोनाईटची पूड ओलाव्याने खराब होते. द्रावण थंड पेटीत ठेवा, तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहा, आणि दररोज सुरुवातीला एक माहीत असलेला सकारात्मक व एक नकारात्मक नमुना लावून बघा. हे दोन बरोबर आले नाहीत तर त्या दिवशीचं काम थांबवा. वस्तीवर कितीही लोक जमलेले असोत.

या चाचणीला तीन मर्यादा आहेत आणि त्यासाठी तीन प्रश्न विचारायचे असतात. मूल सहा महिन्यांच्या आतलं आहे का? गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं आहे का? आणि तिसरा तुमच्या डोळ्यांचा प्रश्न: माणूस फार फिकट दिसतो का? यातलं काही असलं तर नकारात्मक निकालावर विसंबू नका. त्याशिवाय, ही चाचणी सिकल आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे सांगत नाही. त्यामुळे सकारात्मक निकाल आला की तिथेच कोणाला ‘तुम्हाला सिकलसेल आहे’ असं म्हणायचं नाही. ‘आणखी एक तपासणी लागेल’ एवढंच. आता दहा-पंधरा मिनिटांत ‘एए’, ‘एएस’, ‘एसएस’ असा भेद दाखवणाऱ्या पट्ट्याही वापरात आल्या आहेत. टोळ्यांसाठी त्या फार सोयीच्या, मिळत असतील तर त्याच घ्या. तरी रुग्ण निघालेल्याची खात्री प्रयोगशाळेतून करायचीच.

खात्रीची तपासणी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसची; या पद्धतींनी प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, हलक्या हाताने उलटसुलट करून, २ ते ८ अंशांच्या पेटीत. बर्फाला नळी थेट टेकू देऊ नका, गोठलेला नमुना वाया जातो. नळीवर क्रमांक पेनने नको, पाणी लागलं की पुसतो. काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल किंवा छापील चिठ्ठी.

नोंद

हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. नंदुरबारच्या एका टोळीत वसावे, पाडवी, वळवी, पावरा ही आडनावं पुन्हापुन्हा येतात. एकाच नावाचे दोघे असणं नवल नाही. म्हणून आधारवरचं नाव, हाक मारायचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव आणि गावाखालचा पाडा, हे सगळं लिहा. मूळ गावच्या आशाताईंचा फोन लिहा. मजुराचा नंबर हंगामाच्या मध्यात बदलतो, आशाताईंचा सहसा नाही. इथून टोळी पुढे कुठे जाणार आणि गावी कधी परतणार तेही विचारा. संपर्कासाठी मुकादमाचा नंबर लिहायचा मोह होतो. लिहू नका, त्या नंबरवर केलेला प्रत्येक फोन म्हणजे बातमी फोडणं आहे.

रजिस्टरमध्ये क्रमांक आणि निकाल एका वहीत, क्रमांक आणि नाव दुसऱ्या वहीत ठेवा. अभियानाच्या पोर्टलवर नोंद करताना मूळ गावचा पत्ता टाका, फडाचा नको, नाहीतर पुढचा पाठपुरावा चुकीच्या तालुक्याच्या डोक्यावर बसतो. आणि रजिस्टरचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटात कधीही टाकू नका.

अहवाल सांगणं

माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं. एका वेळी एक माणूस किंवा एक जोडपं, कोप्यांपासून जरा लांब, आणि घाई न करता.

‘एए’ असेल त्यालाही बोलावून सांगा. फक्त सिकलवाल्यांनाच बाजूला बोलावलं तर सगळ्या वस्तीला न सांगता कळतं.

‘एएस’ला पहिलं वाक्य हे: ‘तुम्ही आजारी नाही.’ वाहकाला औषध लागत नाही, तो सगळी कामं करू शकतो. पाणी भरपूर प्यायचं, आणि कधी लघवीतून रक्त गेलं तर दाखवायचं, एवढी काळजी पुरे. त्याला माहिती उपयोगी पडते ती लग्न ठरवताना आणि मूल होऊ देताना.

एका फडावर पाहिलेलं सांगतो. दोन वर्षांच्या मुलाचे हात-पाय सारखे सुजत होते. मूल ‘एसएस’, आई-बाप दोघेही ‘एएस’. सिस्टर दोघांना घेऊन गाडीच्या मागे बसल्या. बाईने पहिलाच प्रश्न विचारला, ‘सिस्टर, माझ्यामुळं झालं का? सासू तसंच म्हणते.’

‘नाही ताई. अर्धं तुमच्याकडून आलं, अर्धं याच्या बापाकडून. दोन्ही अर्धे मिळाले तेव्हा आजार झाला.’

नवरा मागे उभा होता. ‘मला काय झालंय? मी धडधाकट आहे.’

‘आहातच दादा. म्हणून तर कळलं नाही ना. ताईपण धडधाकट आहेत. बसा, तुमचाही कागद बघू.’

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर लिहिलेलं ‘एएस’ बोटाने दाखवलं. त्या बोटाने बाईच्या डोक्यावरचं ओझं किती उतरलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अहवाल जोडीने सांगायचा तो यासाठी. बाईला एकटीला सांगितलं तर दोष तिच्याच पदरात पडतो.

दोघे वाहक असतील तर पुढचं गणित असं समजावा. दरवेळी दिवस राहिले की चार चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं: एक ‘एए’ची, दोन ‘एएस’च्या, एक ‘एसएस’ची. आणि पुढच्या वेळी काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकून नव्याने चारच. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ अशी समजूत सर्रास असते, आणि ती काढली नाही तर तुमचा सगळा सल्ला उलटा पडतो.

लग्न न झालेल्यांना ‘वाहकाने लग्न करू नये’ असं सांगू नका. वाहकाने लग्नाआधी समोरच्याचं रक्त तपासून घ्यावं, इतकंच. मुलीचं कार्ड तिच्या आई-वडिलांखेरीज कोणाला दाखवू नका. नात्यातल्या एखाद्या मावशीने उत्साहाने केलेली चर्चा तिचं लग्न मोडायला पुरते.

रुग्ण निघाला तर

त्याच आठवड्यात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्वतः घेऊन जा. चिठ्ठी देऊन पाठवलं तर जात नाहीत: रोज बुडतो, आणि अनोळखी दवाखान्यात कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते कळत नाही.

बहुतेकांना रोजची फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. ज्यांना झटके वारंवार येतात त्यांना डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया सुरू करतात. या औषधाने झटके कमी होतात, पण त्यावर असणाऱ्याचं रक्त ठराविक काळाने तपासावं लागतं, आणि गरोदरपणात ते चालत नाही. स्थलांतरित रुग्णाची गाडी इथेच अडते. गावातून महिन्याच्या गोळ्या घेऊन निघालेला माणूस दुसऱ्या महिन्यात औषधाविना असतो. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतात का बघा. औषधाचं नाव, मात्रा आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख कागदावर लिहून द्या, गुजरातला जाणार असेल तर गुजरातीतही. फडाजवळच्या आरोग्य केंद्रातल्या एका माणसाचं नाव आणि नंबर त्याच कागदावर असू द्या. लोहाच्या गोळ्या मात्र रुग्णाला सरसकट देऊ नका, तपासल्याशिवाय नाहीच.

जोडीला आणि रुग्ण स्वतः सांगेल त्या टोळीतल्या एका विश्वासातल्या माणसाला धोक्याची लक्षणं तोंडपाठ करून द्या. १०१ च्या वर ताप. छातीत दुखणं किंवा दम लागणं. मूल एकाएकी पांढरंफटक पडणं आणि पोटाच्या डाव्या बाजूला गाठ वाढणं. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं. न ओसरणारी वेदना. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन, रात्र असली तरी. तापाकडे ‘थंडी वाजली असेल’ म्हणून दुर्लक्ष करणं सर्वांत घातक, कारण सिकल रुग्णाची प्लीहा नीट काम करत नाही आणि संसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. नाक्यावरच्या सुई-सलाईनवर भागवायचं नाही.

कामाबद्दल काय सांगायचं? ‘ऊसतोड सोडा’ म्हणणं सोपं आहे. उचल घेतलेली आहे आणि घरी दुसरं काम नाही. त्यापेक्षा जमेल ते सांगा: तासातासाला पाणी, पहाटे कान-छाती झाकणारं उबदार कापड, रात्रीचं गाडी भरणं शक्य तेवढं टाळणं, आणि दुखायला लागल्याबरोबर बसणं. खाड्याच्या भीतीने लोक दुखणं लपवतात आणि मग थेट दवाखान्यातच पोचतात. मुकादमाशी बोलायचं की नाही हे रुग्णाने ठरवायचं. तो हो म्हणाला तर तुम्ही सोबत जा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला तपासणीनंतर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सिकलसेलग्रस्त येतात, एसटीतही सवलत आहे. हे रुग्णांसाठी आहे, वाहकांसाठी नाही. खोटी आशा दाखवू नका. आणि हे कागद मूळ गावीच होतात, तेव्हा होळीच्या मुक्कामात करायच्या कामांची यादी आत्ताच करून ठेवा.

गरोदर बाई

टोळीत गरोदर बाई भेटली तर तिची तपासणी त्याच दिवशी. ती ‘एएस’ निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. दोघेही वाहक असतील तर पोटातल्या बाळाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन करता येते, नंतर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलातून. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या कामासाठी ओळखली जाते, तिचं एक केंद्र चंद्रपूरलाही आहे. फडावरून मुंबई फार लांब वाटते. पण जायचं की नाही, आणि पुढे काय करायचं, हा निर्णय त्या जोडप्याचा. तुम्ही माहिती वेळेत द्यायची आणि जायचं ठरलं तर प्रवासाची सोय बघायची. बाई स्वतः ‘एसएस’ असेल तर तिला फडावर ठेवू नका, मोठ्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली आणा.

सिकलखेरीज

पुणे-मुंबईच्या बांधकामांवर काम करत असाल तर तिथले मजूर वेगळे आणि आजारही वेगळे. बंगाल, आसाम, त्रिपुराकडच्या लोकांत हिमोग्लोबिन ‘ई’ हा हिमोग्लोबिनचा आणखी एक आनुवंशिक प्रकार आढळतो. तो सोल्युबिलिटीत दिसत नाही, त्याला एचपीएलसीच लागतं. बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक सगळीकडे आहेत. साध्या रक्ततपासणीत एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन सोडू नका, थॅलेसेमियाच्या वाहकांत वाढणारं ‘ए-टू’ हिमोग्लोबिन मोजून घ्या. लोहाची फार कमतरता असेल तर हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून आधी ती भरून काढून पुन्हा तपासतात. सिकलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक अशा जोडप्यालाही आजारी मूल होऊ शकतं. जोडीदार ‘सिकल निगेटिव्ह’ आहे एवढ्यावर थांबू नका.

हिवतापाच्या भागातून आलेल्यांना प्रायमाक्विन देताना जी-सिक्स-पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एका विकराची) आनुवंशिक कमतरता लक्षात ठेवा. गोळ्या सुरू असताना लघवी काळपट झाली तर गोळी बंद आणि ताबडतोब दवाखाना.

पट्टा पडल्यावर

हंगाम संपून पट्टा पडायची वेळ जवळ आली की दोन याद्या काढा. एकीत ज्यांचा खात्रीचा अहवाल अजून आलेला नाही ते, दुसरीत रुग्ण आणि वाहक जोडपी. पट्टा पडायच्या आठवडाभर आधी पहिल्या यादीचे अहवाल प्रयोगशाळेत स्वतः जाऊन आणा. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाला विचारा: ‘तुमच्या गावच्या आशाताईंना कळवलं तर चालेल का?’ हो म्हणाले तर फोन करून तोंडी सांगा आणि कागद बंद पाकिटात मजुराच्याच हाती द्या. नाही म्हणाले तर कळवू नका. कार्ड आणि तुमचा नंबर तेवढा द्या. परराज्यातली टोळी असेल तर त्या जिल्ह्याच्या सिकलसेल समन्वयकाचा नंबर आधीच शोधून ठेवा, त्या गडबडीत तो सापडत नाही. होळीनंतर पंधरा दिवसांनी रुग्णांना एकेक फोन करा: औषध मिळालं का, रक्त तपासलं का, पुढच्या वर्षी कुठे जाणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा, भाद्रपदातली यादी तिथूनच सुरू होते.